शंका-समाधान : सीन नदीवरचं टेबल आणि राणीचं मुंडकं

पॅरिस ऑलिंपिकचं उद्घाटन २६ जुलै २०२४ रोजी सीन नदीवर झालं. सुरुवात झाली तेव्हा आपल्याकडे रात्रीचे अकरा वाजले होते. स्टेडियमबाहेर, नदीच्या सहा किलोमीटर पात्रात होड्यांतून खेळाडूंचं संचलन, असा हा पहिलाच प्रयोग. त्यातल्या एका दृश्यावरून ख्रिस्ती जगात संताप उसळला आणि दुसऱ्या एका दृश्यात फ्रान्सच्या राणीचं कापलेलं मुंडकं गाताना दिसलं. त्याबद्दलची पत्रं अजून येत आहेत. त्यांतली काही निवडून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : आमच्या जेवणाच्या खोलीत प्रभूच्या शेवटच्या भोजनाची तसबीर आहे. टीव्हीवर ते दृश्य आलं तेव्हा घरातला लहान मुलगासुद्धा ‘हे आपलं चित्र’ म्हणाला. आयोजक मात्र म्हणतात, तो ग्रीक देवांचा उत्सव होता. खरं काय? (एक वाचक, वसई)

मुलाने बरोबर ओळखलं. आयोजकांचं म्हणणंही पूर्ण खोटं नाही. घोटाळा दोन चित्रांचा आहे.

आधी दृश्य आठवू. सोहळ्याचे बारा भाग होते, त्यांतल्या ‘फेस्तिव्हिते’ म्हणजे जल्लोष या भागातलं हे दृश्य. जागा आयफेल टॉवरजवळचा दबिली हा पादचारी पूल. पुलावर लांबलचक टेबल आणि तेच फॅशन शोचा रॅम्प. मागे ड्रॅग कलाकार (स्त्रीवेषात सादरीकरण करणारे पुरुष), नर्तक, मॉडेल ओळीने उभे. मधोमध निळ्या पोशाखातली डीजे बार्बरा बुच, तिच्या डोक्यावर किरणांसारखा रुपेरी मुकुट. मग एका प्रचंड थाळीवरचं झाकण उचललं गेलं आणि आत निघाला अंगभर निळा रंग फासलेला, फळापानांनी मढलेला गायक फिलिप कातरीन. हा डायोनिसस, मद्याचा आणि उत्सवाचा ग्रीक देव.

आता पहिलं चित्र, ‘शेवटचं भोजन’ : क्रुसावर जाण्याआधी येशूने शिष्यांबरोबर घेतलेलं जेवण. लिओनार्दो दा विंचीने १४९५ ते १४९८ च्या दरम्यान मिलानमधल्या सांता मारिया देल्ले ग्रात्सिए मठाच्या भोजनगृहातली भिंत रंगवली. चित्र सुमारे साडेचार मीटर उंच आणि पावणेनऊ मीटर रुंद. तेरा माणसं, सगळी टेबलाच्या एकाच बाजूला, येशू मध्यभागी आणि दोन्हीकडे शिष्यांचे तिघातिघांचे घोळके. यात एक गंमत आहे. लिओनार्दोने येशूच्या डोक्यामागे प्रभामंडळ काढलेलं नाही, मागच्या खिडकीचा उजेडच ते काम करतो.

दुसरं चित्र ‘देवांची मेजवानी’. डच चित्रकार यान व्हान बाइलर्टने ते १६३५ ते १६४० च्या सुमारास काढलं आणि ते फ्रान्समधल्या दिजों शहरातल्या मान्याँ संग्रहालयात आहे. त्यातही लांब टेबल आणि त्याच्या एका अंगाला बसलेले देव आहेत. मधोमध अपोलो आहे आणि त्याच्या डोक्याभोवती तेज आहे. सर्वांत पुढे जमिनीवर रेललेला, द्राक्षं तोंडात पिळणारा बाकस, म्हणजे रोमनांचा डायोनिसस. डोक्याभोवतीचे किरण आणि पुढ्यात लोळणारा देव या दोन खुणा लिओनार्दोकडे नाहीत, बाइलर्टकडे आहेत. तेव्हा दृश्याचा विषय ग्रीक होता हे मान्य करायला हरकत नाही.

पण बाइलर्टची मांडणीच मुळात शेवटच्या भोजनाच्या वळणाची आहे. लांब टेबल, एका बाजूला ओळ, मधली व्यक्ती उजळलेली, एवढं दिसलं की पाहणाऱ्याचं मन लिओनार्दोकडेच जाणार. आयोजकांची आपापसातली वाक्यंही जुळली नाहीत. दिग्दर्शक तोमा जोली म्हणाले, ती माझी प्रेरणा नव्हती, ऑलिंपसच्या देवांशी जोडलेला मोठा पेगन (ख्रिस्ती धर्माआधीच्या देवदेवतांचा) उत्सव दाखवायचा होता. त्याच सुमारास निर्मात्यांच्या बाजूने एका अमेरिकी वृत्तस्थळाला सांगण्यात आलं की मांडणीसाठी लिओनार्दोच्या चित्राचा आधार घेतला होता. ज्या चित्राच्या तसबिरी वसईपासून साष्टीपर्यंत आणि मनिलापासून मेक्सिकोपर्यंत जेवणघरांत लागल्या आहेत त्याच्या अगदी जवळ जायचं आणि लोकांनी मात्र दिजोंच्या संग्रहालयातलं चित्र ओळखावं असं धरून चालायचं, ही चूक दिग्दर्शनाची आहे. हेतूचा प्रश्न त्यानंतर येतो.

राग फक्त चित्रापुरता का नव्हता, तेही सांगायला हवं. पवित्र गुरुवारच्या त्या भोजनातूनच कॅथलिकांची मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, निघाली. त्यामुळे ते दृश्य श्रद्धावंताला कलेच्या इतिहासातला संदर्भ वाटत नाही, दर रविवारी वेदीवर घडणारी गोष्ट वाटते. उलट बाजूने, पुरुषाने स्त्रीवेष घेतला एवढ्यानेच विटंबना होते हा काहींचा सूर निदान बालगंधर्वांच्या महाराष्ट्रात तरी कुणी लावू नये.

प्रश्न : नदीवरून धावणारा रुपेरी घोडेस्वार म्हणजे बायबलमधला मृत्यूचा फिकट घोडा होता, असा व्हिडिओ फिरत होता. (एक वाचक, नाशिक)

नाही. ती सेक्वाना, सीन नदीची देवता. तिच्याबरोबर ऑलिंपिकचा ध्वज होता. बायबलमधल्या ‘प्रकटीकरण’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातला फिकट घोडा ज्यांना आठवला, त्यांना तो बहुधा आधीच्या टेबलामुळे आठवला. एकदा संशय आला की पुढचं सगळं त्याच चष्म्यातून दिसतं. त्या ध्वजाचं खरं विघ्न निराळंच होतं. आयफेल टॉवरसमोरच्या ट्रोकादेरोला तो उलटा चढवला गेला.

प्रश्न : राणीचं तोडलेलं मुंडकं गाणं म्हणतंय, हे जगाला दाखवायची काय गरज होती? आणि त्याबद्दल कुणी माफी का मागितली नाही? (एक निवृत्त इतिहास शिक्षिका, नागपूर)

जागेपासून सुरुवात करू. होड्यांच्या वाटेवर, नदीतल्या सिते बेटावर काँसिएर्जरी ही इमारत आहे. एकेकाळचा राजवाडा, नंतरचा तुरुंग. ही राणी म्हणजे मारी आंत्वानेत. फ्रेंच राज्यक्रांतीत तिला ऑगस्ट १७९३ च्या सुरुवातीला तिथे आणलं, आणि १६ ऑक्टोबरला तिथूनच गाडीतून गिलोटीनकडे, म्हणजे शिरच्छेदाच्या यंत्राकडे, नेलं. तेव्हा ती ३७ वर्षांची होती. सोहळ्यात त्याच इमारतीच्या खिडक्यांत लाल झग्यातल्या शिरच्छेद झालेल्या राण्या उभ्या होत्या आणि हातातलं मुंडकं ‘सा इरा’ गात होतं. १७९० चं हे क्रांतिगीत. त्याच्या एका प्रचलित पाठात सरदारांना दिव्याच्या खांबाला लटकवायची भाषा आहे. साथीला गोजिरा हा हेवी मेटल बँड होता आणि ऑपेरा गायिका मारिना व्हियोत्ती. (‘गोजिरा’ वाचून आपल्याला लाडिक बाळ आठवतं, पण ते गॉडझिलाचं जपानी नाव आहे.) शेवटी खिडक्यांतून रक्तासारख्या लाल फिती उसळल्या. पुढच्या वर्षी या सादरीकरणाला ग्रॅमी मिळालं.

माफी का नाही, याचं कारण फ्रेंच शाळेत आहे. तिथल्या मुलाला क्रांती ही प्रजासत्ताकाच्या जन्माची गोष्ट म्हणून शिकवली जाते. १४ जुलै हा राष्ट्रीय दिवस, ‘मार्सेयेज’ हे त्या काळचं युद्धगीत राष्ट्रगीत, ‘स्वातंत्र्य, समता, बंधुता’ सरकारी इमारतींवर कोरलेलं. राजघराण्याच्या बाजूने हळहळणारा वर्ग आहे, पण छोटा. परंपरावादी उजव्या राजकारण्यांनी या दृश्यावर टीका केली, तरी दुखावलेल्यांच्या मागे चर्चसारखी जगभर पसरलेली संस्था नव्हती. माफी कधी मागितली जाते, हे बरेचदा अशा हिशेबावर ठरतं.

आमचा आक्षेप वेगळा आहे. या सोहळ्याच्या लेखकांत पात्रिक बुशरोंसारखा नामवंत इतिहासकार होता, आणि तरीही हातात असलेली सर्वांत चांगली गोष्ट सुटली. पुढच्या एका भागात नदीकाठी दहा फ्रेंच स्त्रियांचे सोनेरी पुतळे वर आले. त्यांत ओलँप द गूज होती. तिने १७९१ मध्ये स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिला आणि तो अर्पण केला मारी आंत्वानेतला. राणीनंतर अठराच दिवसांनी, ३ नोव्हेंबर १७९३ ला, त्याच क्रांतीने तिचाही गिलोटीनवर शिरच्छेद केला. म्हणजे एकाच संध्याकाळी एकीचं मुंडकं खेळकरपणे मिरवलं आणि दुसरीला सोन्याचा पुतळा दिला. दोघींचा मारेकरी एक, चौक एक. हा धागा प्रेक्षकाला दिला असता तर मुंडक्याच्या दृश्याला वजन आलं असतं. क्रांतीने हक्क दिले आणि हक्क मागणारीला मारलंही, हे एका वाक्यात कळलं असतं.

तो चौक म्हणजे आजचा प्लास द ला काँकोर्द. आधी पंधराव्या लुईच्या नावाचा, मग ‘क्रांती चौक’, आणि १७९५ मध्ये ‘सलोखा’ या अर्थाचं आजचं नाव. ऑलिंपिकमध्ये तिथे स्केटबोर्डिंग, बीएमएक्स फ्रीस्टाइल, ब्रेकिंग आणि तिघांच्या संघांचं बास्केटबॉल झालं. पॅरालिंपिकचं उद्घाटनही २८ ऑगस्टला तिथेच. फ्रान्सने गिलोटीन शेवटचं वापरलं १९७७ मध्ये आणि देहदंडाची शिक्षा रद्द केली १९८१ मध्ये, हेही लक्षात असू द्या.

प्रश्न : फ्रान्समध्ये धर्मनिंदा हा गुन्हाच नाही का? आणि ज्या देशाने हे सगळं चालवून घेतलं, त्याने स्वतःच्या मुसलमान खेळाडूंना हिजाब घालू दिला नाही, हे कसं? (एक वाचक, मडगाव)

गुन्हा नाही. क्रांतीनंतर १७९१ च्या दंडसंहितेत धर्मनिंदा राहिली नाही. राजेशाही परतल्यावर १८२५ मध्ये पावित्र्यभंगाविरुद्ध कडक कायदा झाला, तो १८३० मध्ये गेला. २९ जुलै १८८१ च्या मुद्रणस्वातंत्र्याच्या कायद्याने धार्मिक नीतीच्या अवमानाचा गुन्हाही काढून टाकला. फक्त अल्सास आणि मोझेल या भागांत जर्मन अमलातलं एक कलम कागदावर उरलं होतं, ते २०१७ मध्ये रद्द झालं. फ्रेंच कायदा धर्माला संरक्षण देत नाही, माणसाला देतो. एखाद्या धर्माच्या लोकांविरुद्ध द्वेष भडकवणं गुन्हा आहे, त्या धर्माच्या देवाची टिंगल गुन्हा नाही. आपल्याकडच्या वाचकाला ही रेघ पटो न पटो, त्या देशातले निकाल ती धरूनच लागतात.

म्हणूनच या प्रकरणात कोर्टात दोषी ठरले ते दृश्य करणारे नव्हेत. जोली आणि बार्बरा बुच यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, शिवीगाळ झाली. त्यांनी तक्रारी केल्या. जोलींच्या प्रकरणात मे २०२५ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने सात जणांना ऑनलाइन छळाबद्दल दोषी ठरवलं आणि स्थगित कैद व दंड अशा शिक्षा दिल्या.

हिजाबचा मुद्दा १९०५ च्या कायद्याकडे जातो. ९ डिसेंबर १९०५ ला चर्च आणि राज्य वेगळे झाले. राज्याच्या नावाने काम करणाऱ्याने धर्माचं चिन्ह मिरवू नये, हे त्यातून वाढलेलं तत्त्व. सप्टेंबर २०२३ मध्ये क्रीडामंत्री आमेली उदेआ-कास्तेरा यांनी जाहीर केलं की फ्रेंच संघातली खेळाडू देशाचं प्रतिनिधित्व करते, म्हणून तिलाही हे लागू. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने बाकी देशांच्या खेळाडूंवर असं बंधन घातलं नाही. धावपटू सुंकांबा सिला हिला उद्घाटनात भाग घेता येणार नाही अशी वेळ आली होती. शेवटी तोडगा निघाला तो टोपीचा. डोकं झाकायचं, पण रुमालाने नाही, टोपीने.

तुमच्या प्रश्नातला चिमटा योग्य जागी बसतो. राज्य धर्मापासून लांब राहणार म्हणून खेळाडूने डोक्यावरचा कपडा काढावा, आणि देशाच्या नावाने झालेल्या सोहळ्यात मात्र एका धर्माच्या चित्राजवळ खेळावं, हे फ्रेंचांतल्या पुष्कळांनाही विसंगत वाटलं. कट्टर धर्मनिरपेक्ष डाव्या गटाचे नेते जाँ-ल्युक मेलाँशों यांनाही भोजनाची ती टिंगल रुचली नाही. श्रद्धावंतांना दुखावण्याचा धोका कशाला पत्करायचा, असं त्यांनी विचारलं.

प्रश्न : उद्घाटनात काय दाखवायचं हे ऑलिंपिक समिती ठरवते की यजमान देश? (एक क्रीडा प्रशिक्षक, पुणे)

दोन भाग असतात. विधीचा भाग ऑलिंपिक सनदेने बांधलेला आहे. संचलनात ग्रीस पहिला आणि यजमान शेवटी. राष्ट्रप्रमुखाने एकच ठरलेलं वाक्य बोलून स्पर्धा सुरू झाल्याचं सांगायचं, त्यात स्वतःचा शब्द घालायचा नाही. मग ध्वज, ऑलिंपिक गीत, शपथा, ज्योत. शांतीची कबुतरंही असतात, पण खरी नाहीत. १९८८ मध्ये सोलला सोडलेली काही कबुतरं ज्योतीच्या कुंडावर बसली आणि ज्योत पेटताच भाजली. त्यानंतर ती प्रथा प्रतीकावर आली.

उरलेला कलात्मक भाग यजमान आयोजन समितीचा. ऑलिंपिक समितीला तो आधी दाखवावा लागतो, पण तिथे विचार होतो तो प्रामुख्याने वेळ, सुरक्षा आणि प्रक्षेपणाचा. सनदेचा ५० वा नियम ऑलिंपिकच्या जागी राजकीय, धार्मिक किंवा वांशिक प्रचाराला मनाई करतो. याच स्पर्धेत ब्राझीलच्या जोआओ शियांका या सर्फरला ख्रिस्ताचं चित्र असलेली फळी वापरता आली नाही. खेळाडूची फळी नियमात बसत नाही आणि सोहळ्यातलं टेबल बसतं, यावर बोट ठेवणारे चुकत नाहीत.

चूक व्हायला धर्मच लागतो असंही नाही. पॅरिसला दक्षिण कोरियाच्या होडीची घोषणा उत्तर कोरियाच्या अधिकृत नावाने झाली. तिथेही दुसऱ्या दिवशी माफी मागावी लागली.

प्रश्न : माफी मागितली म्हणतात, पण ती माफी होती का? (एक वाचक, मस्कत)

क्रम असा. २७ जुलैला फ्रान्सच्या बिशपांच्या परिषदेचं निवेदन आलं. त्यात सोहळ्यातल्या सुंदर क्षणांचं कौतुक आधी होतं आणि नंतर ख्रिस्ती धर्माच्या टवाळीबद्दल खेद. हे निवेदन संयत होतं. २८ ला आयोजन समितीच्या प्रवक्त्या आन देकाँ यांनी सांगितलं की कुणाचा अनादर करण्याचा हेतू नव्हता, सहिष्णुता साजरी करायची होती, ते साधलं असं आम्हाला वाटतं, आणि कुणी दुखावलं असेल तर खरोखर दिलगीर आहोत. मग इराणने फ्रेंच राजदूताला बोलावून निषेध नोंदवला. कैरोच्या अल-अझहर या इस्लामी विद्यापीठाने निषेध केला, कारण येशू, म्हणजे ईसा, इस्लाममध्येही पैगंबर आहे. तुर्कस्तानच्या अध्यक्षांनी पोपना फोन केला. ३ ऑगस्टला व्हॅटिकनचं निवेदन आलं, त्यात काही दृश्यांबद्दल दुःख व्यक्त केलं होतं. बिशपांनंतर तब्बल आठवड्याने.

माफीत तीन गोष्टी बिघडल्या. ‘दुखावलं असेल तर’ यातला ‘तर’ ऐकणाऱ्याला टोचतो, कारण दुखावलेले लोक समोर उभे असतात. ‘आमचा हेतू साधला’ हे वाक्य माफीच्या शेजारी ठेवायचं नव्हतं. आणि कुठल्या चित्रावरून काय केलं, ते एकाच तोंडाने सांगायला हवं होतं. तोपर्यंत डायोनिससचं नाव घेणारी एक पोस्ट ऑलिंपिकच्या अधिकृत खात्यावर येऊन गेली होती. ती सोहळा चालू असतानाच येऊनही कुणाच्या लक्षात राहिली नाही, कारण तिच्यात देवाचं नाव आणि माणसामाणसांतल्या हिंसेच्या निरर्थकतेबद्दल एक वाक्य होतं, चित्राचं नाव नव्हतं.

प्रश्न : आमच्या शाळेत तालुका क्रीडा स्पर्धांचं उद्घाटन आहे. संचलन, ज्योत, शपथ आणि इतिहासावरचे चार देखावे आहेत. गाव मिश्र वस्तीचं. काय तपासावं? (एक क्रीडाशिक्षक, सांगली जिल्हा)

तुमच्या जिल्ह्याला हे सांगायची गरज नाही. २००९ च्या गणेशोत्सवात मिरजेत कमानीवरच्या अफझलखान वधाच्या चित्रावरून पेटलं आणि आग सांगली, इचलकरंजी, कोल्हापूरपर्यंत गेली. चित्रातला प्रसंग इतिहासातलाच होता. वाद झाला तो कमान कुठे, कधी आणि कशी उभी आहे यावरून. तेव्हा देखाव्याचा विषय ठरवताना ‘हे खरं आहे का’ यापुढे ‘हे इथे, या दिवशी, कुणाच्या दारासमोर’ हेही विचारा.

देखाव्याची तालीम मोबाइलवर तीन जागांवरून काढा. प्रमुख पाहुण्यांच्या मंचावरून, प्रेक्षकांच्या रांगेतून आणि जिथे वार्ताहर उभे राहतात तिथून. आवाज बंद करा. आता समितीत नसलेल्या पाच जणांना प्रत्येक फोटो दहा सेकंद दाखवा आणि एवढंच विचारा, ‘काय दिसलं?’ पाचांत वेगवेगळ्या वस्तीतले लोक हवेत, आणि एक तरी आजी हवी. दोघांना तुमच्या मनात नसलेली धार्मिक गोष्ट दिसली तर निवेदन बदलून काम होणार नाही, मांडणीच बदला. माणसांची उंची, मधली जागा, हातातली वस्तू, पार्श्वभूमीचा रंग यांतलं काहीतरी हलवलं की चित्र बदलतं. पॅरिसला ते टेबल आडवं न ठेवता तिरकं ठेवलं असतं आणि मधल्या बाईला कडेला नेलं असतं, तर अर्धा वाद तिथेच संपला असता.

निवेदकाची संहिता दुसऱ्या शिक्षकाला मोठ्याने वाचायला लावा. आपल्याकडे एकेरी उल्लेख हा सर्वांत स्वस्तात होणारा अपमान आहे. कागदावर ‘शिवाजी’, ‘आंबेडकर’ असं लिहून निवेदकाच्या भरवशावर सोडू नका, ‘छत्रपती शिवाजी महाराज’, ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ असं पूर्ण लिहा. संतांच्या, पैगंबरांच्या नावांचंही तसंच. पैगंबरांची भूमिका किंवा चित्र मुळीच नको. लढाईचा देखावा असेल तर शत्रूच्या सैनिकांना आजच्या एखाद्या समाजाचा रोजचा पोशाख देऊ नका. त्या काळचा चिलखती वेष द्या.

महापुरुषाच्या चेहऱ्याची रांगोळी काढायची हौस असते. ती मैदानाच्या वाटेवर काढली की शेवटी शंभर मुलं तिच्यावरून पळतात आणि नेमका तोच व्हिडिओ फिरतो. रांगोळी कोपऱ्यात, दोरी बांधून, आणि कार्यक्रम संपताच कोण पुसणार त्याचं नाव आधी लिहून ठेवा. फ्लेक्स, पदकं, नाष्ट्याच्या कागदी थाळ्या, बसायचे गालिचे यांवर देवाचं किंवा महापुरुषाचं चित्र नको. जिरेटोप घातलेला मुलगा देखावा झाल्यावर मैदानाच्या कडेला वडापाव खाताना दिसतो, तो फोटोही निघतो. म्हणून पात्रांनी वेष उतरवूनच मंडपाबाहेर पडायचं.

ध्वजाची गाठ चढवण्याआधी दोघांनी तपासा. केशरी वर. पॅरिसचा ध्वज डोळ्यांसमोर ठेवा. राष्ट्रगीत सुमारे ५२ सेकंदांचं, त्याची ध्वनिफीत दोन फोनवर ठेवा आणि एकदा पूर्ण वाजवून पाहा.

कायदा : भारतीय न्याय संहितेचं कलम २९९, म्हणजे जुन्या दंडसंहितेचं २९५ अ, धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतुपुरस्सर आणि दुष्ट हेतूने केलेल्या कृतीला तीन वर्षांपर्यंत कैद सांगतं. कोर्ट हेतू पाहतं. गावातला जमाव मात्र फोटो पाहतो. त्यामुळे हेतूचा कागद आधीच तयार हवा. प्रत्येक देखाव्यासाठी चार ओळी पुरतात : प्रसंग कोणता, वर्ष कोणतं, चित्र किंवा पुस्तक कोणतं, पात्रं कोण. त्याखाली मुख्याध्यापकांची सही आणि तालमीची तारीख. एक प्रत कार्यक्रमपत्रिकेत छापा, एक पोलीस ठाण्यात परवानगीच्या अर्जासोबत द्या.

तरी तक्रार आलीच, तर उत्तर एकाच माणसाने द्यायचं, त्याच दिवशी, तो कागद हातात घेऊन. ‘दुखावलं असेल तर’ असं न म्हणता ‘तुम्ही दुखावलात, हे आम्हाला कळलं’ इथून सुरुवात करा, मग प्रसंग सांगा. व्हिडिओ काढून टाकायचा असेल तर का काढला ते सांगून काढा, गुपचूप नाही. देखाव्यातल्या मुलांची नावं आणि वर्ग कुठेही देऊ नका. पालकांना तुम्हीच आधी फोन करा.